समुद्रकाठच्या पर्यटनगावात चांगले इटालियन रेस्टॉरंट कसे शोधावे

समुद्रकाठच्या पर्यटनगावात इटालियन पदार्थांच्या पाट्या पावलोपावली दिसतात, पण समाधानाने जेवून उठावे अशी ठिकाणे त्यांत मोजकीच असतात. याचे कारण त्या गावांच्या व्यवहारात आहे. पिझ्झा आणि पास्ता लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांच्या ओळखीचे असतात. मैदा, सुका पास्ता, डब्यातले टोमॅटो आणि चीज बराच काळ टिकते, आणि हंगामापुरत्या नेमलेल्या नवख्या माणसालाही हे पदार्थ कामचलाऊ करता येतात. त्यात किनाऱ्यालगतच्या जागेचे भाडे जबर असते, वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत उरकावी लागते, आणि आज जेवून गेलेले गिऱ्हाईक परवा गाव सोडून जाणार हे मालकाला पक्के ठाऊक असते. अशा परिस्थितीत वाईट जेवण वाढल्याने त्याचे फारसे काही बिघडत नाही.

म्हणून सगळ्या शोधाच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवावा: हे स्वयंपाकघर पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांवर चालते, की एकदाच येऊन जाणाऱ्यांवर? पुढच्या सर्व पायऱ्या याच प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या बाजूंनी शोधण्यासाठी आहेत.

निघण्यापूर्वी: अभिप्राय कसे वाचावेत

नकाशावर रेस्टॉरंटांची नावे आणि त्यांना मिळालेले तारे सहज दिसतात, पण पर्यटनगावात ताऱ्यांची सरासरी फारशी उपयोगाची नसते. सुट्टीवर आलेला माणूस प्रसन्न असतो. समोर सूर्यास्त होत असताना खाल्लेल्या बेतास बात पिझ्झालाही तो पाच तारे देऊन मोकळा होतो. त्यामुळे अभिप्राय वाचताना आधी त्यात कशाची स्तुती केली आहे ते पाहावे. दहांपैकी आठ जण देखावा, संगीत आणि हसतमुख वाढप्यांबद्दल लिहीत असतील आणि पदार्थांची नावे कुणीच घेत नसेल, तर ते ठिकाण बसायला छान आहे एवढेच त्यातून कळते.

त्यानंतर तारखा पाहाव्यात. गर्दीच्या हंगामाबाहेर लिहिलेले अभिप्राय सर्वांत मोलाचे असतात, कारण त्या काळात तिथे जेवणारे बहुतेक जण गावचे किंवा आसपासचे असतात. त्या भागाच्या भाषेत लिहिलेले अभिप्राय भाषांतराची सोय वापरून जरूर वाचावेत. या गावांत आचारी दर हंगामाला बदलू शकतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकावर विसंबू नये. चालू हंगामातले दहा अभिप्राय मागच्या शंभरांपेक्षा अधिक सांगतात. पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे अभिप्राय बाजूला ठेवून तीन-चार ताऱ्यांचे वाचावेत, कारण काय आवडले आणि काय खटकले हे तिथेच नेमकेपणाने लिहिलेले असते.

छायाचित्रांच्या बाबतीत रेस्टॉरंटने स्वतः टाकलेली चित्रे सोडून द्यावीत आणि गिऱ्हाइकांनी काढलेली पाहावीत. एकच पदार्थ वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी टिपलेला सापडला, तर ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दर वेळी तो जवळपास सारखाच दिसत असेल तर स्वयंपाकघरात शिस्त आहे. एकदा सॉसमध्ये बुडालेला, एकदा कोरडा, एकदा भलत्याच आकाराच्या पास्त्याचा दिसत असेल, तर हाताला येईल ते वापरले जात आहे असे समजावे.

या वाचनातून तीन-चार नावांची यादी करावी. यापेक्षा जास्त नावे घेऊन गेल्यास प्रत्यक्ष गावात गोंधळच वाढतो.

गावात पोहोचल्यावर: कुणाला विचारावे आणि काय पाहावे

पहिल्या संध्याकाळी घाईने कुठेही बसण्याऐवजी थोडे चालावे. किनाऱ्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेत भाड्याचा भार सर्वाधिक असतो आणि तो ताटातूनच वसूल होतो, म्हणून एक-दोन गल्ल्या आत गेल्यावर तेवढ्याच पैशांत बहुधा अधिक चांगले जेवण मिळते. हा नियम मात्र डोळे मिटून पाळू नये. इमारत स्वतःच्या मालकीची असलेले आणि एकाच कुटुंबाने वर्षानुवर्षे चालवलेले रेस्टॉरंट अगदी पाण्याच्या कडेलाही उत्तम असू शकते. दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताला धरून आत बोलावणारा माणूस दिसला, तर मात्र बिनदिक्कत पुढे जावे. ज्याची टेबले आपोआप भरतात त्याला अशा माणसाची गरज पडत नाही.

हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारायला हरकत नाही, पण काही ठिकाणी तिथून पाठवलेल्या गिऱ्हाइकामागे दलाली ठरलेली असते हे ध्यानात ठेवावे. बेकरीतला माणूस, औषधाच्या दुकानातला विक्रेता, मासळी विकणारी बाई यांचा असा संबंध नसतो. त्यांना प्रश्नही नेमका विचारावा. "इथे चांगले इटालियन कुठे मिळते?" असे विचारले, तर पर्यटकाला आवडेल असे त्यांना वाटणारे ठिकाण ते सांगतात. "तुमच्या घरी वाढदिवस असेल तर तुम्ही कुठे जाता?" किंवा "हंगाम संपल्यावर कोणते उघडे असते?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. बारमाही चालणारे रेस्टॉरंट गावातल्या माणसांना नाराज करून टिकूच शकत नाही, आणि माझ्या मते एवढी विश्वासार्ह दुसरी खूण नाही.

इटलीबाहेरील गावात असाल तर दारावर 'ओस्पितालिता इतालियाना' हे प्रमाणपत्र लावलेले दिसू शकते. इटलीतल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या यंत्रणेमार्फत ते परदेशातील इटालियन रेस्टॉरंटांना दिले जाते. ते असल्यास एक जमेची बाजू म्हणून धरावे. नसल्यास काही बिघडत नाही.

मेन्यूकार्ड: दाराबाहेरच वाचून घ्यावे

सर्वांत जास्त माहिती मेन्यूकार्डातून मिळते, आणि ते बहुतेक ठिकाणी बाहेरच लावलेले असते. पाच मिनिटे उभे राहून ते नीट वाचावे.

पहिल्यांदा लांबी पाहावी. एका लहान स्वयंपाकघरातून रोज शंभरावर पदार्थ ताजे करून देणे शक्य नसते. त्यातले बरेचसे आधी करून ठेवलेले किंवा गोठवलेलेच असणार. एकाच कार्डावर पिझ्झा, सुशी, बर्गर आणि कबाब एकत्र नांदत असतील तर पुढचे वाचण्याचीही गरज नाही. याउलट पाच-सहा आरंभीचे पदार्थ, सहा-सात पास्ते, चार-पाच मुख्य पदार्थ आणि खडूने फळ्यावर लिहिलेले दिवसाचे दोन-तीन पदार्थ एवढाच पसारा असेल, तर तिथे बाजार पाहून स्वयंपाक ठरतो असे म्हणता येते.

नंतर मांडणी पाहावी. इटालियन जेवणाचा क्रम ठरलेला आहे: आरंभी आंतिपास्ती, मग प्रीमी, म्हणजे पास्ता, रिझोत्तो (भाताचा प्रकार) किंवा सूप, त्यानंतर सेकोंदी, म्हणजे मासे किंवा मांस, आणि त्याच्यासोबत वेगळ्या मागवायच्या भाज्या, ज्यांना कोंतोर्नी म्हणतात, शेवटी दोल्ची, म्हणजे गोड. हा क्रम पाळलेला असेल तर निदान कार्ड लिहिणाऱ्याला ते जेवण ठाऊक आहे. त्याहूनही चांगली खूण म्हणजे प्रदेशाचा उल्लेख. इटालियन स्वयंपाक मुळात प्रांताप्रांतांचा आहे. लिगुरियाचा पेस्तो (हिरवा सॉस), रोमचे काचो ए पेपे (चीज-मिरीचा पास्ता), नेपल्सकडचा तिसऱ्यांचा (लहान शिंपल्यांचा) स्पगेटी आणि बोलोन्याचे ताल्यातेल्ले (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) यांची घराणी वेगळी आहेत. आपण कोणत्या घराण्याचे, हे जे रेस्टॉरंट सांगते ते सहसा त्या घराण्याला जपते.

मग काही ठरावीक पदार्थांचे वर्णन तपासावे. रोमच्या कार्बोनारामध्ये अंडे, पेकोरिनो चीज, ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, आणि काळी मिरी एवढेच असते. तिच्या वर्णनात क्रीम आढळले, तर ते स्वयंपाकघर अंड्याचा सॉस न फुटू देता जमवण्याची मेहनत टाळते आहे असा अर्थ काढता येतो. बोलोन्यात रागू, म्हणजे मांसाचा सॉस, स्पगेटीबरोबर देत नाहीत, ताल्यातेल्लेबरोबर देतात; इटालियन पाककला अकादमीने या रागूची पाककृती १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली, इतके त्या शहराला तिचे अप्रूप आहे. अर्थात पर्यटक मागतात म्हणून चांगले रेस्टॉरंटही स्पगेटी बोलोनेझ ठेवते, आणि तेवढ्यावरून त्याला नापास करणे अन्यायाचे होईल. सगळेच पास्ते क्रीममध्ये बुडवलेले, प्रत्येकावर चिकन घालण्याची सोय आणि निम्म्या पदार्थांवर ट्रफल या सुगंधी भूछत्राचे तेल, असे चित्र असेल तेव्हाच माघार घ्यावी.

कार्डावर पदार्थांची चकचकीत छायाचित्रे आणि सात-आठ भाषांमधली भाषांतरे असली, की ते एकदाच येणाऱ्यांसाठी छापलेले आहे हे उघड असते.

समुद्र समोर आहे म्हणजे मासळी तिथलीच असते असे नाही

या एका समजुतीमुळे सर्वाधिक निराशा पदरी पडते, म्हणून यावर थोडे थांबतो. हंगामात पर्यटनगावात एवढी माणसे जेवतात की जवळच्या होड्यांची मासळी सर्वांना पुरणे कठीण असते. कोळंबी आणि माकूळ तर सर्रास गोठवलेली येते. गोठवलेली मासळी मुळात वाईट नसते. माकूळ नीट गोठवली असेल तर तिचा पोत मऊच होतो. खटकते ती लपवाछपवी. इटलीत गोठवलेल्या मालापासून केलेल्या पदार्थापुढे मेन्यूवर तारांकन देतात आणि तळटीपेत तसे सांगतात. अशी प्रामाणिक टीप दिसली तर ती त्या रेस्टॉरंटच्या बाजूने मोजावी.

दोन दिवस समुद्र खवळलेला असून होड्या किनाऱ्यावरच असतील आणि तरीही "आजच पकडलेली" मासळी मिळत असेल, तर प्रश्न विचारायला हवा. वाढप्याला साध्या शब्दांत तीन गोष्टी विचाराव्यात: आज कोणती मासळी ताजी आहे, ती कुठून आली, आणि तुम्ही ती कशी करून देता. चांगल्या ठिकाणचा माणूस क्षणभरही न अडखळता सांगतो, आणि कधी कधी "आज तिसऱ्या चांगल्या नाहीत, दुसरे काही घ्या" असेही म्हणतो. असे सांगणारा वाढपी भेटला तर तिथेच बसावे. सगळेच ताजे आणि सगळेच उत्तम असल्याचे ऐकू आले, तर त्या उत्तराला काही किंमत नाही.

अख्खा मासा बहुतेक वेळा वजनावर विकला जातो आणि कार्डावरचा भाव शंभर ग्रॅमचा असू शकतो. मासा आधी दाखवायला सांगावा, वजन करून एकूण रक्कम विचारावी आणि मगच होकार द्यावा. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. चोखंदळ रेस्टॉरंट स्वतःहून मासा टेबलापाशी आणून दाखवते.

पहिली ऑर्डर: थोडे आणि साधे मागवावे

सगळ्या खुणा पटल्या तरी पहिल्या खेपेला भरमसाट मागवू नये. एक आरंभीचा पदार्थ, एक पास्ता आणि हवा असल्यास एक पिझ्झा टेबलावर सर्वांनी वाटून घेतला की स्वयंपाकघराची पुरेशी परीक्षा होते. परीक्षेसाठी सर्वांत साधे पदार्थ निवडावेत. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलचा पास्ता, लसूण व ऑलिव्ह तेलाचा स्पगेटी आणि मार्गेरिता पिझ्झा यांत दोष झाकायला जागाच नसते.

पास्ता यायला किती वेळ लागतो याकडे लक्ष ठेवावे. सुका पास्ता शिजायला साधारण ८ ते १२ मिनिटे लागतात. ऑर्डर दिल्यावर चार मिनिटांत ताट समोर आले तर तो आधीच शिजवून ठेवलेला होता. रिझोत्तोला त्याहून जास्त, तांदूळ टाकल्यापासून १६ ते १८ मिनिटे लागतात, म्हणून "वीस मिनिटे थांबावे लागेल" किंवा "किमान दोघांसाठीच" ही सूचना ऐकून वैतागू नये. ती काळजीने केलेल्या स्वयंपाकाची खूण आहे. सुका पास्ता ताज्यापेक्षा कमी दर्जाचा असतो हा गैरसमजही सोडून द्यावा. तिसऱ्या, माकूळ आणि ऑलिव्ह तेल यांच्याबरोबर चांगला सुका पास्ताच शोभतो; अंड्याचा ताजा पास्ता लोणी आणि मांसाच्या रागूबरोबर खुलतो.

किनाऱ्यावर खरी कसोटी लावायची असेल तर तिसऱ्यांचा स्पगेटी मागवावा. ताट समोर आले की आधी शिंपल्यांकडे पाहावे: ते सगळे उघडलेले हवेत, आणि शिजूनही मिटलेला राहिलेला एखादा सापडला तर तो बाजूला ठेवावा. मग काट्याने थोडा स्पगेटी उचलावा. प्रत्येक धाग्यावर पातळ, किंचित दुधाळ सॉसची चकाकी दिसायला हवी. तिसऱ्यांचे पाणी, ऑलिव्ह तेल आणि पास्ता शिजवलेले पिठूळ पाणी आचेवर एकत्र हलवले की ती येते. तेल वेगळे आणि ताटाच्या तळाशी पाणी वेगळे दिसले, तर पास्ता आणि सॉस कढईत एकत्र झालेच नाहीत, नुसते एकावर एक ओतले गेले. दाताखाली वाळू करकरली तर तिसऱ्या खाऱ्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवलेल्या नव्हत्या. स्पगेटीच्या मध्यभागी चावताना किंचित ठामपणा जाणवायला हवा. या पदार्थावर चीज घालण्याचा आग्रह झाला नाही तर ते योग्यच आहे, कारण माशांच्या पास्त्यावर चीज न घालण्याची इटलीत रूढ पद्धत आहे.

पेस्तो मागवलात तर रंग पाहावा. बेसिल, पाइनच्या बिया, लसूण, ऑलिव्ह तेल आणि दोन प्रकारचे चीज यांचा हा सॉस आचेवर शिजवत नाहीत. तो गरम केला की काळपट हिरवा पडतो. काप्रेसे सॅलडमधले टोमॅटो आणि मोझरेला फ्रीजमधून थेट ताटात आल्यासारखे गार लागले तर दोघांचीही चव मेलेली असते.

पिझ्झ्याच्या बाबतीत भट्टी दिसत असेल तर उत्तम. युरोपीय संघाने २०१० मध्ये संरक्षण दिलेल्या नेपल्सच्या पिझ्झ्याच्या व्याख्येनुसार तो लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंद भाजतात, त्याचा व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो आणि कडा १ ते २ सेंटिमीटर फुगलेली असते. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेली एक संघटना ही पद्धत पाळणाऱ्या पिझ्झेरियांना मान्यता देते आणि तिची पाटी जगभरच्या दुकानांवर दिसते. हा पिझ्झा मधोमध मऊ आणि थोडा ओलसर असतो, तो कच्चा राहिला असे समजून परत पाठवू नये. रोमकडचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत असतो. तोही तेवढाच अस्सल. प्रकार कोणताही असो, तुकडा उचलून खालची बाजू पाहावी. तिथे तपकिरी-काळे ठिपके विखुरलेले असतील तर भट्टी पुरेशी तापलेली होती. ती फिकट आणि एकसारखी पांढरी असेल तर तयार गोठवलेला तळ वापरल्याची शंका घ्यायला जागा आहे.

शाकाहारी आणि पथ्य पाळणाऱ्यांसाठी

मांस नसलेला प्रत्येक इटालियन पदार्थ शाकाहारी असतोच असे नाही. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही चीज प्राण्यांच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध विरजून करतात, आणि पेस्तोपासून रिझोत्तोपर्यंत ती सर्वत्र असतात. रिझोत्तो आणि मिनेस्त्रोने सूप यांचा रस्सा मांसाचा असू शकतो, टोमॅटोच्या काही सॉसमध्ये अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो, आणि पान्ना कोत्ता जिलेटिनने घट्ट केलेली असते. म्हणून "यात मांस आहे का?" एवढेच विचारून थांबू नये, चीज, रस्सा आणि जिलेटिन यांची नावे घेऊन विचारावे. तिरामिसूच्या मूळ कृतीत कच्ची अंडी असतात, तेव्हा गरोदर स्त्रियांनी आणि अंडे न खाणाऱ्यांनी ते आधी विचारून घ्यावे. शिंपल्यांची किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर ती ऑर्डर देण्यापूर्वी सांगावी, कारण किनाऱ्यावरच्या लहान स्वयंपाकघरात एकाच तेलात सगळे तळले जाण्याचा संभव असतो.

वेळ आणि बिल

ऐन हंगामातल्या शनिवारी रात्री नऊ वाजता चांगले स्वयंपाकघरही दमलेले असते. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात जावे आणि टेबल आधी सांगून ठेवावे. बिल आल्यावर ओळीओळीने पाहावे. इटलीत बैठकीचे म्हणून माणशी आकारले जाणारे कोपेर्तो ही रूढ गोष्ट आहे आणि ती मेन्यूवर लिहिलेली असते. न मागवता आलेले पाणी, पाव किंवा ऑलिव्हची वाटी यांचे पैसे लागतात का, हे ती टेबलावर आल्याक्षणीच विचारलेले बरे.

जेवण पसंत पडले तर निघताना तसे सांगावे आणि मुक्कामातच पुन्हा येणार असल्याचेही सांगावे. दुसऱ्या खेपेला मेन्यू बाजूला ठेवून आज काय चांगले आहे हे त्यांनाच विचारावे. मिठाच्या कवचात भाजलेला अख्खा मासा यांसारखे वेळखाऊ पदार्थ अनेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितल्यास करून मिळतात, आणि ते कार्डावर कधीच लिहिलेले नसतात.